सभेचा वाटा

भोपाळच्या पूर्वांगास, भेलच्या जुन्या वसाहतीच्या पलीकडे, अयोध्या नगर नावाची वस्ती आहे. रायसेनच्या रस्त्याने तिकडे येताना जे तिठे लागते त्यास येथील लोक रत्नागिरी तिराहा म्हणतात. मुलखापासून इतक्या दूर, एकीकडे रत्नागिरी आणि दुसरीकडे अयोध्या, अशी नावे कानी पडली म्हणजे नव्याने आलेल्या मराठी माणसास क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. आम्हांसही तसे वाटले होते. रामाच्या नगरीचे नाव पत्त्यात लिहावयास मिळते याचा थोडासा अभिमानही वाटत असे. त्या नावाबरोबर काही जबाबदारी येते, हे कळावयास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

या वस्तीच्या आसपास महाविद्यालये बरीच आहेत. बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर अशा, मराठी अजून घराघरांतून बोलली जाणाऱ्या भागांतून मुली येथे शिकावयास येतात आणि दोघी-तिघी मिळून खोली भाड्याने घेऊन राहतात. अशीच एक मुलगी आमच्या शेजारी राहत असे. तिची ओळख पटेल असे काही येथे येऊ नये म्हणून तिचे गाव, तिचा विषय आणि साल ही आम्ही गाळली आहेत. दिवेलागणीस ती आमच्याकडे रामरक्षा म्हणावयास येई. एके दिवशी ती आली ती उंबरठ्याशीच थांबली आणि आमच्या घरच्या मंडळींस म्हणाली, "काकू, मी उद्यापासून कॉलेजला जाणार नाही."

कारण विचारले तेव्हा ती आधी पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली त्याचा सारांश असा, की ज्या शिक्षकांच्या हाती तिचे अंतर्गत गुण होते त्यांनी तिला वही तपासण्याच्या निमित्ताने खोलीत एकटीस बोलाविले, आणि तिच्या अंगास हात लावला. ती मागे सरली तेव्हा गुणांची आठवण करून दिली. आणि असे एकदा नव्हे, तीनदा घडले होते.

आम्ही काय केले? तिला पाणी दिले, धीर दिला आणि म्हटले, "परीक्षा होऊ दे, पोरी. आत्ता बोललीस तर वर्ष फुकट जाईल. घरी कळले तर शिक्षणच थांबेल. एकटी त्या खोलीत जाऊ नकोस म्हणजे झाले." हे सांगताना आपण वडीलधाऱ्याचे शहाणपण सांगत आहोत असेच आम्हांस वाटत होते. त्यात दुष्टावा नव्हता, मायाच होती. परंतु आज विचार करता असे दिसते की त्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत एक लहानशी सभा भरली होती, फिर्यादी समोर उभी होती, आणि त्या सभेने तिला घरी परत पाठविले होते.

म्हणून आज आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विद्यापीठात, महाविद्यालयात, वसतिगृहात एखाद्या विद्यार्थिनीवर अत्याचार होतो, तेव्हा करणाऱ्याचा दोष उघडच असतो. त्याविषयी वाद नाही. पण जे स्वतः काही करीत नाहीत आणि तरीही जाणतात, अशा शेजाऱ्यांचा, सहाध्यायांचा, सहकाऱ्यांचा आणि संस्थेच्या प्रमुखांचा त्यात वाटा किती?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या परंपरेत पुष्कळ पूर्वी दिले गेले आहे, आणि तेही हिशेबाच्या नेमकेपणाने. सभापर्वात द्रौपदीस द्यूतसभेत ओढून आणल्यावर तिने रडण्याआधी एक प्रश्न विचारला. आपणास पणास लावणाऱ्याने आधी स्वतःस हरविले होते की नंतर, आणि स्वतःस हरलेल्याचा आपणावर अधिकार कोणता? प्रश्न कायद्याचा होता आणि तो जाणत्यांच्या सभेस विचारला होता. भीष्म म्हणाले की धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण, कृप गप्प राहिले. बोलला तो एकटा विकर्ण, धृतराष्ट्राचाच एक मुलगा. आणि त्यास कर्णाने पोर म्हणून गप्प बसविले. मग विदुराने सभेस एक जुनी कथा सांगितली. ती आमच्या कीर्तनांतून फारशी ऐकू येत नाही, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा या दोघांत श्रेष्ठ कोण असा वाद पडला. दोघांनी प्राण पणास लावले आणि निवाड्यासाठी ते प्रल्हादाकडेच गेले. आम्ही ओळखतो तो प्रल्हाद खांबापाशी हात जोडून उभा राहिलेला बालक. येथे तो राजा आहे, न्यायाधीश आहे आणि एका पक्षाचा बापही आहे. तो घाबरला आणि कश्यपास विचारू लागला की जाणूनही उत्तर न देणाऱ्यास काय फळ मिळते. कश्यपाने सांगितले की तशा माणसावर वरुणाचे सहस्र पाश पडतात आणि वर्षाकाठी त्यातला एक सुटतो. अधर्माने घायाळ झालेला धर्म सभेत आला आणि सभासदांनी त्याच्या अंगातला काटा काढला नाही, तर तो काटा त्यांनाच रुततो. निंद्य कृत्याची जेथे निंदा होत नाही तेथे पापाची वाटणी अशी होते: अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, चौथा हिस्सा करणाऱ्याकडे आणि चौथा हिस्सा न बोलणाऱ्या सभासदांकडे. निंद्याची निंदा झाली तर प्रमुख व सभासद मुक्त होतात आणि सारे पाप करणाऱ्याच्या माथी जाते. हे ऐकून प्रल्हादाने आपल्या मुलाविरुद्ध निकाल दिला.

या वाटणीतील एक गोष्ट वाचकांनी नीट पाहावी. सभा गप्प बसली तर प्रत्यक्ष अपराध्याचा वाटा चतुर्थांशावर येतो आणि प्रमुखाचा त्याच्या दुप्पट होतो. प्रथम वाचताना हा हिशेब विपरीत वाटतो. पण संस्थांचा अनुभव ज्यास आहे त्यास तो खरा वाटेल. एका माणसाच्या हातून एक दुष्कृत्य घडते. ते दडपले गेले म्हणजे तो निर्ढावतो, दुसरे धजावतात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींना आधीच्या मुली कानात सांगतात की अमक्याच्या खोलीत एकटी जाऊ नकोस. कुजबुजीने चालणारी ही व्यवस्था कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे चालते. ती सर्वांस ठाऊक असते. फक्त ज्याच्याजवळ अधिकार असतो त्याच्या दप्तरात तिची नोंद नसते.

हस्तिनापूरची सभा बोलावयाचे तेथे बोलली नाही. दुसरे पाप अयोध्येचे आहे. श्रीरामांच्या निर्णयाची चर्चा करण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. मोठमोठ्या कवींनी त्यावर अश्रू ढाळून ठेवले आहेत. आम्हांस विचारावयाचे आहे ते अयोध्येच्या नगरवासीयांविषयी. उत्तरकांडात भद्र रामास सांगतो की चौकांत, बाजारांत, रस्त्यांवर लोक सीतेविषयी बोलतात. तिचे हरण झाले, ती परक्याच्या घरी राहिली, आणि तरी राजाने तिला स्वीकारले, असे त्यांचे बोलणे. ज्या स्त्रीवर बलात्काराने अन्याय झाला तिच्याच चारित्र्याचा त्यांनी विचार केला. रावणाविषयी चौकात बोलावयास त्यांच्यापाशी काही नव्हते. त्यांपैकी कोणी सीतेवर हात उगारला नाही. त्यांनी फक्त जीभ चालविली, आणि गर्भवती सीतेस वनात जावे लागले.

म्हणजे समाजाच्या हातून दोन प्रकारचा अपराध घडतो. जेथे बोलावयास हवे तेथे तो मौन धरतो आणि जेथे मौन धरावयास हवे तेथे बोलत सुटतो. आश्चर्य असे की दोन्ही एकाच वस्तीत, एकाच माणसाकडून, एकाच आठवड्यात घडू शकतात. समितीपुढे साक्ष देण्यास जो कचरतो तोच देवळाच्या पायरीवर, "ती मुलगी रात्री किती वाजता येत असे, ते आम्ही पाहिले आहे," असे बिनदिक्कत सांगतो. आमच्या भजनी मंडळातही असे बोलणे झाले. आम्ही ते ऐकले आणि विषय बदलला. विषय बदलणे हेही मौनच होते.

या दोन्ही अपराधांच्या मुळाशी अब्रूची एक चमत्कारिक कल्पना आहे. घराची अब्रू, संस्थेची अब्रू, समाजाची अब्रू असे आम्ही म्हणतो, आणि ती सारी एका मुलीच्या गप्प राहण्यावर टांगून ठेवतो. कोणी आपले घर फोडले तर आम्ही पोलिसांत जातो. चोरी झाली म्हणून घराची अब्रू गेली असे म्हणत नाही. मग या एकाच अपराधात लाज अपराध्याकडून उठून जिच्यावर अपराध झाला तिच्याकडे का जाते? संस्थाचालक म्हणतात की बाहेर कळले तर प्रवेश कमी होतील. वडील म्हणतात की लग्न जमणार नाही. दोघेही आपापल्या परीने भविष्याची काळजी वाहतात, आणि त्या काळजीची किंमत मात्र एकट्या मुलीने द्यावयाची असते.

विद्यापीठात हा अपराध अधिक जड का, याचाही विचार केला पाहिजे. तेथे शिक्षकाच्या हाती गुण असतात, संशोधनाचा प्रबंध असतो, शिफारसपत्र असते. विद्यार्थिनीच्या पुढील दहा वर्षांची किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात असते. शिवाय आमच्याकडे गुरूस देवाच्या जागी मानण्याची चाल आहे. ती थोर आहे. पण तिचा अर्थ आम्ही अर्धाच लक्षात ठेवला. तैत्तिरीय उपनिषदातला आचार्य शिष्यास निरोप देताना स्वतःच सांगतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस. म्हणजे गुरूचे आचरणही शिष्याने पारखून घ्यावयाचे आहे. ज्या परंपरेने हा अधिकार शिष्यास दिला, तिचे नाव घेऊन विद्यार्थिनीस गप्प बसविणे हे त्या परंपरेशीच प्रतारणा करणे होय.

आता कायद्याकडे पाहू. राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवी या सरकारी ग्रामसेविकेवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून निघालेल्या विशाखा खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध पहिली बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या पीठाचे प्रमुख, सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा, आमच्याच मध्य प्रदेशातील सतन्याचे. पुढे सोळा वर्षांनी, २०१३ साली, संसदेने कायदा केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणसंस्थांसाठीचे नियम २०१६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले.

या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते; दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतील एक सभासद, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकाऱ्यांस तिच्यात बसता येत नाही. अहवाल आल्यावर ३० दिवसांत कृती करणे हे मात्र प्रमुखाचे काम. प्रल्हादास जी अडचण पडली, बापाने मुलाचा न्याय करावयाचा, ती अडचण या नियमाने दूर केली, आणि प्रमुखाचा अर्धा वाटा मात्र त्याच्याच माथी ठेवला. तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत करावयाची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवावयाची. चौकशी चालू असताना त्या शिक्षकास त्या मुलीची उत्तरपत्रिका तपासण्यापासून दूर ठेवता येते. विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांच्यावरही असे अत्याचार होऊ शकतात, हेही त्या नियमांनी मान्य केले आहे.

आम्ही त्या मुलीस "परीक्षा होऊ दे" म्हटले, तेव्हा यातले काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. परीक्षा झाली, निकाल लागला, ती गावी गेली. आणि तोवर ३ महिने उलटून गेले होते. आमच्या मायेने तिचा हक्काचा काळ खाल्ला.

नियम असले म्हणजे काम झाले असे नव्हे. २०२२ च्या मार्चमध्ये याच भोपाळ शहरातील राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठात, म्हणजे जेथे उद्याचे वकील आणि न्यायाधीश घडतात तेथे, एका प्राध्यापकावर विद्यार्थिनींनी छळाचे आरोप केले, विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि त्या प्राध्यापकाने राजीनामा दिला. आरोपांचे खरेखोटे ठरविणे हे आमचे काम नव्हे. पण कायदा ज्यांच्या हाताशी आहे अशा मुलांनाही एकत्र येऊन उभे राहावे लागले, तर एका खोलीत भाड्याने राहणारी खेड्यातली मुलगी एकटीने काय करील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे काही वाचक म्हणतील की खोट्या तक्रारींचे काय? निरपराध शिक्षकाची कारकीर्द एका अर्जाने धुळीस मिळावी काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर गोव्यातच घडलेल्या एका प्रकरणात आहे.

ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. समितीने चौकशी करून त्यांस दोषी ठरविले आणि २०१० साली विद्यापीठाने त्यांस नोकरीवरून काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने २०१२ साली तो निर्णय उचलून धरला. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बोपण्णा आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी तो रद्द केला. समितीने मे २००९ मध्ये दिवसामागून दिवस बैठका लावून काम घाईने उरकले आणि आरोपितास आपली बाजू मांडावयास पुरेसा अवधी दिला नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविण्यात आले. त्या गृहस्थांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. कारण न्यायालयाने त्यांस दोषीही म्हटले नाही आणि निर्दोषही म्हटले नाही.

या निकालाने नुकसान कोणाचे झाले? आरोपिताचे झाले, कारण चौदा वर्षे त्याच्या नावावर न तपासलेला डाग राहिला. तक्रार करणाऱ्या मुलींचेही तितकेच झाले. २००९ साली वीस वर्षांची असलेली मुलगी २०२३ साली चौतीस वर्षांची झाली, आणि तिला सांगण्यात आले की सारे पुन्हा आरंभापासून. चौकशी घाईची झाली तर आरोपितास न्याय मिळत नाही, हे सर्वांस कळते. त्याच घाईने फिर्यादीचाही न्याय हिरावला जातो, हे कळावयास असे एक प्रकरण पाहावे लागते. दोन्ही बाजू पुरतेपणी ऐकणे यात दोघांचेही हित आहे. त्याच निकालात न्यायालयाने वृत्तपत्रातील माहितीचा आधार घेऊन नमूद केले की ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत तक्रार समितीच नव्हती. जेथे ऐकावयास कोणी बसलेलेच नाही तेथे खरे आणि खोटे निवडणार कोण? कायद्यात हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीस शिक्षा आहे. आणि केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यातच लिहिले आहे.

सभा गप्प असताना बोललेल्यांची आठवणही ठेवली पाहिजे. विदर्भात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. मथुरा खटला या नावाने तो सर्वांस ठाऊक आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून तिची संमती असावी, असे त्या निकालाचे तर्कशास्त्र होते. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. भीतीने दबून जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. ते चौघे त्या मुलीचे कोणी नव्हते. विद्यापीठातली माणसे विकर्णासारखी उठली तर काय होते, त्याचे हे उदाहरण. आणि या वेळी त्यांस पोर म्हणून कोणास बसविता आले नाही.

आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शेवटची शंका उरते. हे सारे करून घरांत, संस्थांत, देवस्थानांत कलह माजेल. त्यापेक्षा समजुतीने मिटविणे बरे नव्हे काय? या मासिकाच्या कित्येक वाचकांची कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा आहे. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली, तिने एकास एका हाताने व दुसऱ्यास दुसऱ्या हाताने धरले आणि युद्ध थांबविले, अशी तिची कथा. तिने डोळे मिटून घेतले नाहीत. कोणा एकास, तू दुबळा आहेस म्हणून सोसून घे, असेही सांगितले नाही. मध्ये उभे राहण्याचे धैर्य हीच तिची शांती होय. कायदाही हेच सांगतो: तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः मागितले तरच चौकशीपूर्वी समेटाचा प्रयत्न करता येतो, आणि पैसे देऊन-घेऊन समेट करता येत नाही. दुसऱ्यांनी तिच्या डोक्यावर लादलेली समजूत म्हणजे दडपणूकच.

मग आम्ही, देवळाच्या निमित्ताने एकत्र येणारी माणसे, काय करू शकतो? फार मोठे काही नाही. मुलगी सांगू लागली तर तिने काय घातले होते, किती वाजले होते, असे न विचारता शेवटपर्यंत ऐकावे. तिची इच्छा असेल तर तारीख, जागा, शब्द तिच्याकडून लिहून घ्यावेत, कारण स्मृती पुसट होते आणि मुदत सरते. समितीकडे किंवा पोलिसांत जावयाचे की नाही हे तिने ठरवावे. ठरविल्यावर तिच्याबरोबर जावे. तिचे नाव चौथ्या माणसाच्या कानावर जाऊ देऊ नये. आरोपिताच्या जाती-धर्मावरून आपला संताप कमी-अधिक करू नये. परका असला तर मोर्चा आणि आपला असला तर मौन, हा न्याय नव्हे. आमच्या देवस्थानांच्या शाळा, वसतिगृहे, कार्यालये असतील तेथे दहा किंवा अधिक माणसे काम करीत असल्यास अशी समिती तेथेही असणे बंधनकारक आहे, याची चौकशी विश्वस्तांकडे करावी. आणि मुलींस सावध राहावयास जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा मुलग्यांस, नकाराचा अर्थ नकारच असतो, हे सांगावे.

आता त्या मुलीची गोष्ट पुरी करतो. ती गावी गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्याच वर्गातील दुसऱ्या एकीने त्याच शिक्षकाविरुद्ध तक्रार केली. ते कळताच हिनेही मुदतवाढ मागून अर्ज धाडला. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "काकू, तेव्हा मी तुम्हांला सांगितले होते, एवढेच तुम्ही आणि काका त्यांना सांगाल का?"

एवढेच. आणि त्या एवढ्याशासाठी आम्ही दोन रात्री झोपलो नाही. आमच्या नात्यातील एक मुलगा त्याच संस्थेत शिकत होता. मंडळातील स्नेही म्हणाले, "कशास त्या भानगडीत पडता?" शिवाय साक्ष द्यावयाची म्हणजे, तिने सांगितले तेव्हा तुम्ही काय केले, या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागणार होते. खरे सांगावयाचे तर याच प्रश्नाची आम्हांस सर्वांत अधिक भीती वाटली. वरुणाच्या सहस्र पाशांपैकी एक तरी या जन्मी सुटावा, असे मनाशी म्हणून आम्ही दोघे गेलो. प्रश्न विचारला गेला आणि आम्ही उत्तर दिले.

चौकशीत काय ठरले ते सांगणे नियमास धरून नाही, म्हणून सांगत नाही. ती मुलगी पुन्हा शिकू लागली आहे, एवढे सांगण्याची तिने आम्हांस परवानगी दिली आहे. सुटीनंतर ती अयोध्या नगरात परत आली, तेव्हा दिवेलागणीस पूर्वीप्रमाणे आमच्याकडे आली. या वेळी तिला उंबरठ्याशी उभे राहू देण्याआधीच आमच्या घरच्या मंडळींनी तिचा हात धरून आत घेतले.